घंटेशेजारची भिंत

फिलाडेल्फियात तडा गेलेली लिबर्टी बेल आणि इंडिपेन्डन्स हॉल पाहून बहुतेक पर्यटक पुढे निघतात. १७७६चा जाहीरनामा या हॉलमध्येच स्वीकारला गेला, १७८७च्या राज्यघटनेवर सह्याही इथेच झाल्या. तेव्हा ही गर्दी रास्तच. पण घंटेच्या दालनाला लागूनच अध्यक्ष वॉशिंग्टन यांच्या निवासस्थानाची जागा आहे. तिथे त्यांनी गुलाम म्हणून राबवलेल्या नऊ जणांची नावे दगडी भिंतीत कोरली आहेत. त्यांतली ओनी जज १७९६ मध्ये याच घरातून निसटली आणि अखेरपर्यंत त्यांच्या हाती लागली नाही. राष्ट्राच्या अभिमानस्थळी हा डाग कशाला दाखवायचा, असा आक्षेप घेतला जातो. आम्हाला तो मान्य नाही. स्वातंत्र्याचे मोल ओनीहून अधिक कुणाला कळले होते? तिकडे जाणाऱ्या वाचकांनी घंटेइतकाच वेळ या भिंतीलाही द्यावा.