पहिल्या सेक्टरावर सत्ता कोणाची?

आमच्या मराठी विभागात एक जुना संगणक होता. तो सुरू केला की काळ्या पडद्यावर उबुंटू, विंडोज टेन आणि विंडोज एक्सपी ही तीन नावे उमटत आणि दहा सेकंद तो आमच्या निर्णयाची वाट पाहत असे. गेल्या उन्हाळी सुटीनंतर आम्ही परतलो तेव्हा ते दहा सेकंद नाहीसे झाले होते. 'एक संगणक, एक प्रणाली' या नव्या धोरणानुसार देखभालीसाठी आलेल्या गृहस्थांनी यंत्र 'स्वच्छ' केले होते. "सर, एवढी अडगळ कशाला ठेवली होती?" असा त्यांचा निरागस प्रश्न होता. राग त्यांच्यावर नाही. हे धोरण ज्यांना शहाणपणाचे वाटते, आणि त्यांत मराठीचे अनेक प्राध्यापकही आहेत, त्यांच्याशी आमचे भांडण आहे.

ती अडगळ म्हणजे काय होते, ते आधी सांगतो. १९९८ ते २००३ या काळात आमच्या विद्यार्थ्यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या ओव्या जमवल्या. त्या पेजमेकरमध्ये, त्या काळच्या एका खासगी फाँटात जुळवल्या गेल्या. अशा फाँटांत 'क' हा 'क' नसतोच. रोमन अक्षराच्या जागी बसवलेले ते एक चित्र असते. फाँट गेला की ओवीची जागा निरर्थक रोमन अक्षरे घेतात. हे सारे उघडणारी जुनी सामग्री आमच्याकडे एक्सपीवरच चालते. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला, म्हणून त्या प्रणालीत आम्ही इंटरनेट कधीच जोडत नाही.

"मग युनिकोडमध्ये रूपांतर करून टाका आणि मोकळे व्हा," असे सांगितले जाते. आम्ही तेच करत आहोत. पण हे काम कळ दाबून होत नाही. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचे नेमके उलटे. रूपांतर करणारा प्रोग्रॅम इथे चुकतो, आणि बोलीतील शब्द कोशात नसल्याने शुद्धलेखन तपासनीसही हात टेकतो. तेव्हा एक्सपीत मूळ पान छापून घ्यायचे आणि उबुंटूत युनिकोड संहिता त्या पानाशी ताडायची, एवढाच प्रामाणिक मार्ग उरतो. पाठचिकित्सा शिकवणाऱ्यांना याहून अधिक समजावून सांगावे लागू नये. मूळ पोथी जाळून कोणी नवी प्रत सिद्ध करत नाही.

शिवाय मराठीला हा धडा एकदा मिळालेला आहे. आपल्याकडे हिशेब, पत्रे आणि दप्तरे मोडीत, तर ग्रंथ बाळबोधीत अशी वहिवाट होती. एकाच हाताला दोन्ही वळणे अवगत असत. छपाईच्या सोयीसाठी बाळबोध सर्वत्र आली, शाळेतून मोडी गेली, आणि पुण्याच्या पुरालेखागारातील पेशवे दप्तर बहुसंख्य मराठी माणसांसाठी मुके झाले. बाळबोध आली हे वाईट झाले असे आम्ही म्हणत नाही. एक आली म्हणून दुसरी जावी, ही समजूत वाईट होती.

आता मूळ मुद्दा. ज्या जुन्या घडणीचे आमचे यंत्र आहे, तिच्यात डिस्कचा पहिला सेक्टर अवघ्या ५१२ बाइटांचा असतो. कोणती प्रणाली जागी होणार याची सुरुवात तिथून होते. विंडोज स्थापन होताना तिथे आपला मजकूर लिहिते आणि आधीचा पुसते; म्हणून आधी जुनी विंडोज, मग नवी, आणि शेवटी लिनक्स हा क्रम पाळावा लागतो. लिनक्ससोबत येणारा ग्रब मात्र इतरांचीही नावे यादीत घेतो. ज्याच्या हाती ही जागा, त्याच्या हाती निवड. हे आमचे काव्य नव्हे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस हिताची कंपनीने विंडोजसोबत बीओएस ही दुसरी प्रणालीही असलेले संगणक विकले. परंतु सुरुवातीची यादीच नसल्याने ती दुसरी प्रणाली ग्राहकाच्या नजरेस पडत नव्हती. परवान्याच्या अटींनी उत्पादकांना बांधून ठेवल्याचा आरोप करत बी कंपनीने २००२मध्ये मायक्रोसॉफ्टवर दावा लावला. २००३मध्ये मायक्रोसॉफ्टने दोष मान्य न करता २ कोटी ३२ लाख ५० हजार डॉलर देऊन तो मिटवला. तोवर बी कंपनी बुडालेली होती.

एकाच यंत्रावर अनेक प्रणाली नांदवणे सुखाचे आहे, असा आमचा दावा नाही. लिनक्स यंत्राचे घड्याळ सहसा जागतिक वेळेवर ठेवते आणि विंडोज स्थानिक वेळेवर. परिणामी विंडोजमध्ये आपण अचानक साडेपाच तास मागे जातो. ऑगस्ट २०२४मध्ये विंडोजच्या एका सुरक्षा अद्ययावतीनंतर अनेकांच्या नव्या संगणकांवरील लिनक्स सुरूच होईना. एका प्रणालीच्या पोटात दुसरी आभासी प्रणाली चालवण्याचा पर्यायही आहे आणि ज्यांच्याकडे भरपूर स्मृती असलेले यंत्र आहे त्यांनी तो अवश्य वापरावा. आमच्या यंत्राला तो झेपत नाही. आणि पाहुणा कितीही लाडका असला तरी यजमानाचे दार बंद झाले की तोही आत अडकतो.

'एकच प्रणाली' हे धोरण स्वस्तही नाही. विंडोज टेनचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज इलेव्हन टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चीप मागते, आणि ती आमच्या यंत्रात नाही. एकाच प्रणालीवर निष्ठा ठेवायची तर धडधाकट यंत्र भंगारात काढावे लागते. उबुंटू त्याच यंत्रावर चालते.

आमच्याकडे बाह्य डिस्कवर प्रती होत्या. दोन दिवस खपून आम्ही यंत्र पुन्हा उभे केले. टेन वगळली, एक्सपी आणि उबुंटू ठेवल्या. ज्या विभागांकडे प्रती नाहीत, त्यांचे काय? म्हणून आमची मागणी साधी आहे: विभागप्रमुखाच्या लेखी संमतीवाचून कोणत्याही भाषाविभागाच्या संगणकावरील एकही प्रणाली पुसली जाऊ नये. आणि मराठीच्या प्राध्यापकांनी 'हे तांत्रिक आहे, आमचे नव्हे' असे म्हणणे थांबवावे. वर्गात आपण बोलींच्या सहजीवनावर व्याख्याने देतो. त्याच बोलींतल्या ओव्या शेजारच्या खोलीत 'स्वच्छ' होत असतील, तर त्या व्याख्यानांना अर्थ काय?