चॉइस : फक्त तीन किलोमीटरपर्यंत

सॅलरी स्लिप हातात आली की आपण सगळ्यात आधी काय बघतो? सगळ्यात खालचा आकडा. तो बघून झाला की एक सुस्कारा, आणि स्लिप बंद. मधल्या ओळी वाचायच्या भानगडीत कोण पडतं? मी पडले, तेही गेल्या फेब्रुवारीत, कारण दर महिन्याला २०० रुपये जाणाऱ्या ओळीत त्या महिन्यात ३०० दिसले. एचआरमधल्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "पीटी आहे गं, फेब्रुवारीत असंच असतं." का असतं, ते तिलाही माहीत नव्हतं.

तर मंडळी, ही पीटी म्हणजे व्यवसाय कर. वर्षाला २,५०० रुपयांच्या वर तो घेता येत नाही, ही राज्यघटनेतली मर्यादा. अकरा महिने दोनशे, बाराव्या महिन्यात तीनशे, झाला हिशेब पूर्ण. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा करायला. त्याच्याच खाली इन्कम टॅक्स, आणि त्या टॅक्सवर पुन्हा ४ टक्के आरोग्य आणि शिक्षण उपकर. २००४ मध्ये हा उपकर २ टक्के होता आणि फक्त शिक्षणासाठी होता. गंमत म्हणजे उपकराचा पैसा केंद्र सरकारला राज्यांबरोबर वाटून घ्यावा लागत नाही. म्हणजे मी ऐरोलीत बसून शिक्षणासाठी पैसे देते, ते दिल्लीला जातात, आणि तिथून किती परत यायचे ते दिल्ली ठरवते.

एवढं वाचून मी नेहमीसारखी चिडले असते आणि कॉफी प्यायला गेले असते. पण जुलैत पेणला गेले. ऑफिसच्या गणपतीची ऑर्डर द्यायची होती आणि यंदा ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं.

पेण म्हटलं की मूर्ती, पापड आणि पोहे. पेणजवळच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात घराघरात मूर्तींचे कारखाने आहेत. आमची मूर्ती जिथे ठरवली, तिथे एक ताई डोळ्यांची आखणी करत होत्या. हात असा स्थिर, की मी बोलायचीही थांबले. काम संपल्यावर त्याच म्हणाल्या, "तुम्ही ऑफिसवाल्या ना? मग हे जरा बघा." मोबाइलमध्ये आरटीईचा फॉर्म होता. मुलगा सहा वर्षांचा. शेजारच्या बाईचा मुलगा इंग्लिश मीडियमला जातो, ह्यांचा जिल्हा परिषदेच्या शाळेत. "शाळा वाईट नाही हो," ताई म्हणाल्या, "बाई चांगल्या आहेत. पण दोन वर्गांना मिळून एकच बाई."

आरटीई म्हणजे २००९ चा शिक्षण हक्क कायदा. त्यातल्या एका कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गाच्या २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्यायच्या. फी सरकार भरणार, महाराष्ट्रात मुलामागे वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये. शाळावाले म्हणतात, हे पैसे वेळेवर येतच नाहीत, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही. प्रवेश लॉटरीने. पण लॉटरीत शिरायचं तर घरापासून शाळेचं अंतर नकाशावर मोजतात. आधी एक किलोमीटरच्या आतली मुलं, मग तीन किलोमीटरपर्यंतची. त्यापुढे राहणाऱ्याची आशा जवळपास संपली. ताईंच्या घरापासून ती इंग्लिश मीडियमची शाळा साडेचार किलोमीटरवर.

शेजारच्या बाईचं घरही तिथेच. फरक इतकाच की तिचा नवरा व्हॅनचे आणि फीचे पैसे देऊ शकतो. हीच तर स्कूल चॉइस! आपल्या सगळ्यांकडे ती आहे. पगार आहे, म्हणून आहे. आपण शाळेसाठी कर भरतो आणि आपल्या मुलांना दुसऱ्याच शाळेत घालतो, दोनदा पैसे देऊन. ज्याच्याकडे स्लिप नाही, त्याच्यासाठी नकाशावरची एक टाचणी.

मुक्त बाजारवाल्यांचं म्हणणं साधं आहे. शाळेचा खर्च सरकारने करावा, पण शाळा सरकारनेच चालवायला हवी असं नाही. पैसा इमारतीला देऊ नका, मुलाला द्या. मग तो जिथे जाईल तिथे पैसा जाईल आणि शाळांना त्याच्यासाठी धडपडावं लागेल. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ साली हे मांडलं. आणि त्याच वर्षी हे गृहस्थ भारतात आले होते, अर्थमंत्रालयाला सल्ला द्यायला. तेव्हा अर्थमंत्री कोण? आपले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले आणि रोह्याचे. फ्रीडमननी नोव्हेंबरात टिपण दिलं. त्यात एक मुद्दा असा होता, की यंत्रं आणि कारखाने यांवर भर देता देता माणसांवरची गुंतवणूक मागे पडते आहे. दुसरी पंचवार्षिक योजना मात्र यंत्रांच्याच बाजूने गेली. देशमुखांनी १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर राजीनामा दिला आणि पुढे ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले.

हे सगळं मी रोह्याच्या मामाला ऐकवलं. पेणहून संध्याकाळची गाडी पकडून मी त्याच्याकडेच गेले होते. मामा धाटावच्या एमआयडीसीतून रिटायर झालाय. त्याने शांतपणे कपाटातून नगरपालिकेचं घरपट्टीचं बिल काढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं : शिक्षण कर. "हा पण आहे बरं का. तुझी मामेभावंडं शिकून अमेरिकेत गेली, मी अजून भरतोय."
"मग तू फ्रीडमनच्या बाजूचा?"
"मी कोणाच्याच बाजूचा नाही गं. उद्या माझ्याबरोबर चल."

दुसऱ्या दिवशी तो मला एका वाडीवर घेऊन गेला. कातकरी वस्ती. रस्ता संपल्यावर पंधरा मिनिटं चढ. दोन खोल्यांची शाळा, आणि मामाच्या ओळखीचे गुरुजी. पटावर मुलं अठरा. "आत्ता अठरा," गुरुजी म्हणाले. "दिवाळी झाली की आईबाप वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला जातात. पोरं त्यांच्याबरोबर. मग मी सहा जणांना शिकवतो. पावसाळ्याच्या तोंडावर सगळे परत येतात आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून."

इथे माझ्या फ्रीडमनची गाडी अडकली. या मुलाच्या हातात व्हाउचर ठेवलं तर तो ते कुठे वटवणार? डोंगर उतरून चार किलोमीटर चालत? अठरा मुलांसाठी वाडीवर खासगी शाळा कोण काढेल? आणि सरकारी उत्तर तर त्याहून भारी. वीसपेक्षा कमी पट असलेल्या राज्यातल्या पंधरा हजारांच्या घरातल्या शाळांचं काय करायचं, यावर २०२३ मध्ये समूह शाळांची टूम निघाली : लहान शाळा एकत्र करा, मुलांना गाडीने आणा. कागदावर झकास. पण गुरुजींच्या वाडीला गाडी येतच नाही.

तरीही मी माझं मत पूर्ण बदललं नाही, आणि त्याला कारण २०२४ साल. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला राज्य सरकारने नियम बदलला. खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्के जागा द्यायची गरज नाही. अर्ज सरकारी शाळेतच करा. शाळांची यादी एकदम ७६ हजारांवर गेली, जागा पावणेनऊ लाखांच्या पुढे. आणि अर्ज किती आले? सत्तर हजारांच्या आसपास. मे महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने नियमाला स्थगिती दिली, खासगी शाळा परत यादीत आल्या, जागा एक लाखाच्या आसपास उरल्या, आणि अर्ज झाले अडीच लाखांच्या घरात! १९ जुलैला न्यायालयाने तो नियमच रद्द केला. पुढच्या वर्षी, २०२५-२६ साठी, १ लाख ९ हजार जागांना ३ लाखांवर अर्ज होते.

बॉस, याहून स्पष्ट मतदान कुठलं हवं? आईबापांना कळत नाही, ते इंग्लिशच्या नावाला भुलतात, असं आपण एसीत बसून म्हणतो. थोडं खरंही आहे. आंध्र प्रदेशात कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्याने काही वर्षं व्हाउचरचा मोठा प्रयोग केला. खासगी शाळेतल्या मुलांचं तेलुगू आणि गणित सरकारी शाळेतल्या मुलांइतकंच निघालं, हिंदी मात्र सरस, आणि मुलामागचा खर्च एक तृतीयांशाहून कमी. म्हणजे चमत्कार नाही, पण स्वस्तात तेवढंच. त्यातली मोठी गोम पगारात आहे. कमी पगाराच्या शिक्षिकेवर चालणारी शाळा स्वस्त पडणारच. तिची सॅलरी स्लिप बघितली तर आपण आपल्या फेब्रुवारीबद्दल तोंड उघडणार नाही.

पण रोख पैसा लोकांच्या हातात द्यायला सरकारला अजिबात अडचण नाही, हे आता आपण बघितलंच आहे. जुलै २०२४ पासून लाडकी बहीण : महिन्याला १,५००, वर्षाला १८,०००. आरटीईचे १७,६७०. आकडे जवळजवळ सारखे! फरक एवढाच की पहिला पैसा थेट खात्यात येतो आणि दुसरा शाळेला कधीतरी मिळतो, तोही टाचणी योग्य जागी पडली तर. मला विचाराल तर हा दुसरा पैसा मुलाच्या नावाने खात्यात टाकावा, आणि त्यात व्हॅनचे पैसे वेगळे धरावेत. चार किलोमीटरचे वेगळे, भट्टीपर्यंतचे वेगळे. ज्या वाडीवर दुसरी शाळाच नाही, तिथे गुरुजींना दुसरा माणूस द्यावा आणि दिवाळीनंतर त्यातल्या एकाला मुलांमागे भट्टीवर पाठवावं. बाजारवाल्या मित्रांना हे फार सरकारी वाटेल, सरकारवाल्यांना फार बाजारू. वाटू दे.

परतीच्या गाडीत ताईंचा फोन आला. मूर्तीच्या पितांबराला पिवळा हवा की केशरी, हे विचारायला. मी केशरी म्हटलं आणि न राहवून फॉर्मचं विचारलं. "तो गेल्या वर्षीचाच होता हो," त्या म्हणाल्या. "नंबर नाही लागला. यंदा मी पत्ता बदलतेय. बहीण पेणमध्ये भाड्याने राहते ना, तिच्या खोलीचा करार माझ्या नावावर करून घेतेय."
"आणि राहणार कुठे?"
"राहणार इथेच. टाचणी तिकडे जाईल."