दावणीचा बैल आणि उमेदवाराची संस्कृती



नोव्हेंबर २०२४ ची विधानसभा निवडणूक आठवा. वेचणीचे दिवस होते. भाजपचे उमेदवार गावोगाव फिरत होते. सभेत 'बटेंगे तो कटेंगे' झाले, 'एक हैं तो सेफ हैं' झाले, गोमातेचा जयजयकार झाला. कापसाच्या भावाचे विचारले की उत्तर ठरलेले : तो दिल्लीचा विषय, आम्ही मुंबईला चाललो.

ठीक आहे. दिल्लीचा हिशेब दिल्लीवाल्याकडे मागू. मुंबईला जाणाऱ्याकडे मुंबईचाच मागू. आमदाराने हात वर केला की कायदा होतो. संस्कृतीच्या नावाने मते घेणाऱ्यांनी हात वर करून आपल्या पदरात काय टाकले? गोवंश हत्याबंदी.

१९७६ च्या कायद्यात गायीच्या कत्तलीला बंदी होती. बैल निकामी झाल्याचा दाखला मिळाला की तो विकता येत होता. १९९५ साली युतीच्या राज्यात विधानसभेने बैल आणि वळूही बंदीत घातले. राष्ट्रपतींची मंजुरी मिळून मार्च २०१५ मध्ये कायदा लागू झाला. कत्तलीसाठी बैल विकणे आता गुन्हा आहे. ५ वर्षांपर्यंत कैद, १० हजारांपर्यंत दंड. मधली १५ वर्षे काँग्रेस-राष्ट्रवादीचे राज्य होते. ते विधेयक मागे घेण्याची हिंमत त्यांनाही झाली नाही.

आता दावणीवरचा हिशेब करू. बैल थकला की बाजारात न्यायचा, आलेल्या पैशात पदरची भर घालून गोऱ्हा आणायचा आणि जोडी पुरी करायची, ही आपली रीत. म्हातारा बैल म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याची ठेव होती. ती ठेव सरकारने एका कायद्याने बुडवली आणि नुकसानभरपाईचा एक पैसाही दिला नाही.

वर तो बैल खाणारच. दिवसाला ६ किलो कडबा धरला तरी वर्षाला २२ क्विंटल होतो. कोरडवाहू एक एकर ज्वारीचा कडबा चांगल्या वर्षीही त्याला जेमतेम पुरेल. मग कामाच्या जोडीने काय खायचे? दुभत्या गायीने काय खायचे?

हा खर्च सरकारला माहीत नाही असे समजू नका. ३० सप्टेंबर २०२४ रोजी, आचारसंहितेच्या पंधरा दिवस आधी, मंत्रिमंडळाने देशी गायीला राज्यमाता जाहीर केले आणि गोशाळांना गायीमागे रोज ५० रुपये देण्याचे ठरवले. म्हणजे वर्षाला १८,२५० रुपये. भाकड जनावर पोसायला पैसा लागतो, हे सरकारनेच लेखी मान्य केले. मग हाच पैसा शेतकऱ्याच्या दावणीवर का नाही? गोशाळेतल्या जनावराला पोट आहे आणि आमच्या गोठ्यातल्याला नाही काय?

२०२५ च्या पावसाळ्यात गोरक्षकांच्या जाचाला कंटाळून कुरेशी व्यापाऱ्यांनी खरेदी थांबवली, तेव्हा बैलबाजार ओस पडले. गिऱ्हाईक गेले म्हणजे भाव गेला. गिऱ्हाईक कोणत्या धर्माचे हे पाहून बैलाची किंमत ठरत नाही; गिऱ्हाईक किती आहेत यावर ठरते. व्यापाऱ्याला मारलेली काठी शेतकऱ्याच्या पाठीवर पडते.

आम्हाला कोणी गोप्रेम शिकवू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळणारे हात आपलेच आहेत. पण पोळा करायला बैल तर हवा! २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांमध्ये देशातील गोवंशातली नर जनावरे सुमारे ३० टक्क्यांनी घटली. सगळा दोष कायद्याचा नाही, ट्रॅक्टरही आला. पण जे जनावर शेवटी विकता येत नाही ते शहाणा शेतकरी पाळणार नाही. बैल गेला की शेणखत गेले, आणि शेणखत गेले की हलक्या रानातली ओल गेली. ही माझ्या शिक्षणातली पहिल्या वर्षाची गोष्ट आहे. तुम्हाला ती शाळेत न जाताही ठाऊक आहे.

जगातले परंपरावादी पक्ष निदान माणसाच्या मालमत्तेचे रक्षण करतो असे म्हणतात. आमच्याकडच्यांनी परंपरेच्या नावाने आमचीच मालमत्ता मातीमोल केली.

उमेदवार पुन्हा येईल. तेव्हा भाषण संपेपर्यंत थांबू नका. पारावर उभे राहून त्याला तीन गोष्टी विचारा. माझा निकामी बैल सरकार बाजारभावाने विकत घेणार का? ते होईपर्यंत रोजचे ५० रुपये माझ्या दावणीवर देणार का? दोन्ही जमत नसेल, तर बैलावरची बंदी उठवायला विधानसभेत हात वर करणार का?

तिन्हींना 'नाही' म्हणाला, तर त्याला गोठ्यात न्या. भाकड बैलाचे दावे त्याच्या हातात द्या आणि सांगा : साहेब, संस्कृती तुमची, आता कडबाही तुमचाच.