चाळिशी आणि तारा

मनुष्याच्या वयास चाळीस वर्षें पूर्ण झालीं कीं त्याच्या नाकावर चष्मा चढतो, आणि आपल्या भाषेनें त्या चष्म्यासच 'चाळिशी' हें नांव देऊन या घटनेस लोकमान्यता देऊन टाकली आहे. चाळिशी लागली म्हणून कोणी लाजल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. उलट चष्म्याच्या कांचेवरून पाहणाऱ्या गृहस्थास थोडा अधिकच भारदस्तपणा प्राप्त होतो. पुढें साठीच्या सुमारास कवळी येते. तीहि रात्रीं पाण्याच्या पेल्यांत ठेवतांना कोणी फारसा संकोच करीत नाहीं. असें असतां, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षीं दांतांस तारा लावून घेण्याचा प्रसंग येतांच आम्हीं तीन आठवडे झोपेवांचून कां काढले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. तो दुसऱ्या कोणीं विचारण्यापूर्वीं आपला आपण विचारलेला बरा, म्हणून या महिन्याचें हें टिपण.

आमचे पुढचे दांत लहानपणापासून अडचणींत आहेत. पंगतींत पाट थोडे आणि पाहुणे फार झाले म्हणजे एखादा मागें सरकून तिरका बसतो, एखाद्याचा गुडघा शेजाऱ्याच्या पानांत जातो, तशी त्यांची स्थिति. आमच्या लहानपणीं तालुक्याच्या गांवीं दांतांचा डॉक्टर म्हणजे दांत उपटणारा, एवढाच अर्थ होता. भारतांतील पहिलें दंतवैद्यक महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनीं १९२० सालीं कलकत्त्यास काढलें, आणि वेडेवांकडे दांत सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ सालीं निघाली. तेव्हां ही विद्या आमच्या गांवापर्यंत पोंचण्यास वेळ लागला यांत नवल नाहीं. आमचे वडील म्हणत, "दांत चावण्याकरितां असतात, दाखविण्याकरितां नव्हेत." चार मुलांच्या बापास हें तत्त्वज्ञान सोयीचेंहि होतें. परिणाम एवढाच झाला कीं आमच्या लग्नाच्या फोटोंतसुद्धां आमचें तोंड मिटलेलें आहे. तो फोटो पाहून लोकांनीं आम्हांस गंभीर प्रकृतीचे ठरविलें, आणि आम्हींहि पुढचीं वीस वर्षें त्याच कीर्तीवर काढलीं.

यंदा मात्र दांत घांसतांना रक्त येऊं लागलें. दंतवैद्य बाईंनीं तपासून स्पष्टच सांगितलें, "दांत इतके दाटीनें बसले आहेत कीं ब्रश मध्यें जातच नाहीं. तेथें कीट सांचून हिरड्या सुजल्या आहेत. आधीं हिरड्या बऱ्या करूं, मग दांत ओळींत आणूं. असेंच चालूं दिलेंत, तर आणखी दहापंधरा वर्षांनीं यांतले सगळे दांत जागेवर असतील असें मी म्हणूं शकत नाहीं." म्हणजे प्रश्न सौंदर्याचा नव्हता, दांत राहण्याचा होता. तरीहि आम्ही "विचार करून कळवितों" असें म्हणून घरीं आलों. मनुष्यास नाहीं म्हणण्याचा धीर नसला म्हणजे तो विचार करूं लागतो.

आमच्या भीतींची झडती घेतां त्या तीन निघाल्या. पहिली हाडाची. या वयांत हाड पक्कें झालेलें. त्यांतून दांत हलणार कसा, आणि हलला तर पडणार नाहीं कशावरून? बाईंनीं याचें उत्तर फार चांगलें दिलें. दांत हाडांत खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दांताचें मूळ आणि हाड यांच्यामध्यें सुमारें पाव मिलिमीटर जाडीचा तंतुमय पडदा असतो. तारेनें दांतावर मंद दाब दिला म्हणजे ज्या बाजूस तो ढकलला जातो तिकडील हाड शरीरांतल्याच कांहीं पेशी हळूहळू विरघळवितात, आणि मागें जेथें ताण पडतो तेथें दुसऱ्या पेशी नवें हाड भरतात. हें काम महिन्यास सुमारें एक मिलिमीटर अशा गोगलगाईच्या गतीनें चालतें. पण तें मोडणें आणि भरणें जन्मभर चालूं शकतें. वाढत्या वयांतल्या मुलांच्या जबड्याची वाढ वळवितां येते, ती सोय मोठ्यांस नाहीं; आणि हिरड्यांचा रोग अंगांत मुरलेला असतांना दांत ओढूं लागणें धोक्याचें. एवढें संभाळलें तर निव्वळ वय ही अडचण नव्हे.

ही विद्याहि कालची नाहीं. पॅरिसच्या पिएर फोशार यानें १७२८ सालच्या आपल्या ग्रंथांत धातूच्या पट्टीस दांत बांधून ते सरळ करण्याची रीति दिली आहे. अमेरिकेंतील एडवर्ड अँगल यानें १८९९ सालीं दांतांच्या वांकडेपणाचें वर्गीकरण केलें, तें अद्यापहि शिकविलें जातें. पूर्वीं प्रत्येक दांतास धातूचें कडें घालावें लागे; १९५५ सालीं बुओनोकोर यानें दांताच्या पृष्ठभागावर अम्ल लावून त्यास राळेसारखें द्रव्य चिकटविण्याची युक्ति काढली, तिच्यामुळें पुढें कड्यांच्या जागीं आजच्या चिमुकल्या चौकटी आल्या.

दुसरी भीति वाणीची. आम्ही शाळेंत संस्कृत शिकवितों. आपल्या वैयाकरणांनीं त-वर्गास 'दन्त्य' म्हटलें तें कांहीं उगीच नव्हे. जीभ दांतांस टेकल्यावांचून 'त' निघत नाहीं आणि 'स'हि साधत नाहीं. तारा दिसूं नयेत अशा दोन सोयी असल्याचें आम्हांस सांगण्यांत आलें. एक, दांतांच्या आंतल्या बाजूनें तारा बसविणें. त्या कोणास दिसत नाहींत, पण जिभेस पावलोपावलीं लागतात आणि आरंभीं उच्चार अडखळतात. दुसरी, पारदर्शक साच्यांची. ते साचे दिवसाचे वीस ते बावीस तास तोंडांत ठेवावे लागतात आणि खातेवेळीं काढून, दांत घांसून पुन्हां घालावे लागतात. दिवसांतून सहा वेळां चहा घेणाऱ्या शिक्षकानें हें व्रत कसें पाळावें? शिवाय खर्चाची गोष्ट निराळीच. लपविण्याची किंमत वाणीनें द्यावी, चहानें द्यावी, कीं पैशानें द्यावी, असा तो हिशेब होता. शेवटीं बाहेरून दिसणाऱ्या साध्या पोलादी तारा तेवढ्या उरल्या.

येथें तिसरी भीति उघडी पडली, आणि खरी तीच होती. लोक काय म्हणतील? पांढरे केंस दिसूं लागलेला मनुष्य तोंडांत पोरांचें भूषण घालून वर्गांत उभा राहिला तर मुलें हंसतील, आप्तेष्ट म्हणतील कीं यांस आतां उतारवयांत नटण्याची हौस आली.

एके रात्रीं जेवतांना आम्हीं हें सर्व मोठ्या गांभीर्यानें घरांत बोलून दाखविलें. आमच्या कन्येच्या तारा गेल्या वर्षीं निघाल्या. त्या लागल्या तेव्हां ती तेरा वर्षांची होती. शाळेंतून रडत आली होती, आणि तिच्या उशाशीं बसून आम्हीं तिला सुमारें पाऊण तास उपदेश केला होता. माणसाची किंमत त्याच्या तोंडावरून होत नाहीं, हंसणारे चार दिवस हंसतात आणि विसरतात, असें बरेंच त्यांत होतें. तिनें तें सर्व लक्षांत ठेविलें असेल अशी आमची कल्पना नव्हती. ती शांतपणें म्हणाली, "बाबा, तेव्हां तुम्ही मला जें सांगितलेंत, तें खरें होतें, कीं मी रडायची थांबावें म्हणून होतें?"

या प्रश्नास बगल देण्याजोगें उत्तर आमच्याजवळ नव्हतें. मुलांस आपण जें शिकवितों त्याची परीक्षा ती आपलीच घेतात, आणि तिची तारीख आधीं कळवीत नाहींत. तें सारें नुसतें समजावणें होतें असें म्हटलें असतें, तर त्या रात्रींचाच नव्हे, पुढचाहि आमचा प्रत्येक शब्द तिनें तोलून पाहिला असता. दुसऱ्या दिवशीं आम्हीं दंतवैद्य बाईंस होकार कळविला.

दोन महिने हिरड्यांवर उपचार झाले, मग तारा बसल्या. पहिले तीनचार दिवस दांत ठणकले. मेतकूट-भात, आटवल आणि शिरा यांवर आम्ही राहिलों. गालास चौकट टोंचे तेथें मेणाची गोळी लावावी, हें कन्येनेंच दाखविलें. चिक्की, कडक चकली, ऊस, भाजलेले दाणे आणि सुपारी वर्ज्य झालीं. प्रत्येक जेवणानंतर बारीक ब्रशानें तारेखालचें अन्न काढावें लागतें. आळस केला तर चौकटीभोंवतीं पांढरे डाग पडतात आणि सरळ झालेले दांत किडके निघतात. चौथ्या दिवशीं वरण-भात खाल्ला, तों तारा धरून ठेवणाऱ्या रबराच्या पांढऱ्या कड्या हळदीनें पिवळ्या धमक झाल्या. तें पाहून घरांतून उद्गार निघाला, "अहो, पुन्हां हळद लागली कीं तुम्हांला!"

वर्गांत काय झालें तेंहि सांगितलें पाहिजे. दोन मुलें हंसलीं. मागच्या बांकावरील एकानें विचारलें, "सर, दुखतं का?" आम्हीं म्हटलें, "होय, थोडें दुखतें." आणि तोच धागा धरून त्या दिवशीं दन्त्य वर्णांचा धडा घेतला. तीन आठवड्यांची झोप ज्याच्या भयानें गेली तें संकट पांच मिनिटांत संपलें.

आमच्या वयाच्या ज्या वाचकांस किंवा भगिनींस असा सल्ला मिळाला असेल, त्यांस आमचें एवढेंच सांगणें कीं हिरड्या आधीं तपासून घ्याव्या, मधुमेह असल्यास तो आटोक्यांत आणावा, आणि किती महिने लागतील व किती खर्च येईल हें आरंभींच विचारून घ्यावें. तारा निघाल्यावर दांत पुन्हां मूळ जागीं सरकूं पाहतात. म्हणून पुढें दीर्घकाळ, बहुधा रात्रीं, ते धरून ठेवणारा साचा घालावा लागतो. आमची कन्या तो एका निळ्या डबींत ठेवते आणि आठवड्यांतून एकदां तरी घालावयास विसरते. पूर्वीं आम्ही तिला रागें भरत असूं. हल्लीं नुसती आठवण करतों. त्या डबीशेजारीं आमच्या डबीस जागा व्हावयास अद्याप दीड वर्ष आहे.