मानधन कसलं, हे तर नवं वतन!

सरकारी भाषेत काही शब्द पैसे वाचवण्यासाठीच घडवलेले असतात. ‘मानधन’ हा त्यातला अव्वल नंबरचा शब्द. तलाठ्याला वेतन मिळतं, ग्रामसेवकाला वेतन मिळतं, साहेबांच्या गाडीवरच्या कायम चालकालाही वेतन मिळतं. आशाताईला, अंगणवाडीच्या सेविकेला, मदतनीस बाईला आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईला मात्र मानधन मिळतं. काम सरकारचं, वही सरकारची, उद्दिष्ट सरकारचं, काम झालं नाही तर बोलणी खायची तीही सरकारची. फक्त बाई सरकारची नाही. ती ‘स्वयंसेविका’!

हा नुसता शब्दांचा खेळ समजू नका. वेतन म्हटलं की मागोमाग किमान वेतन येतं, भविष्य निर्वाह निधी येतो, बाळंतपणाची रजा येते, निवृत्तीनंतरची रक्कम येते. मानधन म्हटलं की यातलं काहीच आपोआप येत नाही. जे मिळतं ते मंत्र्यांच्या घोषणेने मिळतं आणि घोषणेच्या मागे शासन निर्णय निघेपर्यंत वाट पाहावी लागते. २०२३ च्या ऑक्टोबरात राज्यातल्या आशाताई आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या. आशांना ७,००० रुपयांची वाढ देतो असं सांगितलं गेलं, संप मिटला. शासन निर्णय काही निघेना. म्हणून जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप, आझाद मैदानात थंडीत मुक्काम, आणि मार्च २०२४ मध्ये हातात पडली ५,००० ची वाढ. वाढ मोठीच आहे आणि ती लढून मिळवलेली आहे, हे मान्य. पण जी गोष्ट हक्काने मिळायची ती दरवेळी घर सोडून, मैदानात झोपून मागावी लागते, याला काय म्हणायचं?

माझं काम सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या वस्त्यांवर चालतं. माण तालुक्यातल्या एका आशाताईंनी मला त्यांची वही दाखवली. दवाखान्यात बाळंतपण झालं की घरी जाऊन बाळ-बाळंतिणीला सहा वेळा भेटायचं : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध ओढतंय का, सगळं लिहायचं. सहाही भेटी पुऱ्या झाल्या तर २५० रुपये. म्हणजे एका भेटीचे बेचाळीस रुपयेसुद्धा होत नाहीत. बाळाचे पहिल्या वर्षाचे सगळे डोस पुरे करून घेतले तर १०० रुपये. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. त्या म्हणाल्या, “दादा, पोरगी इथली, नऊ महिने मी बघायची, अन् बाळंतपणाला ती गेली आटपाडीला माहेरी. तिकडची आशा भेटी देणार. ती पण चारच, कारण सव्वा महिन्याच्या आत बाळंतीण परत सासरी आली. मग पैसे कुणाचे?” मी विचारलं, कुणाचे? “कुणाचेच न्हाईत,” म्हणाल्या आणि हसल्या.

हे झालं धन. आता मान बघू.

याच ताई बौद्ध वस्तीतल्या. गावठाणातल्या काही घरी बाळाचं वजन करायला गेल्या की काटा अंगणातच टांगायला सांगतात. आत बोलवत नाहीत. कुणी तोंडाने जात काढत नाही, तसं काढलं तर कायदा आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. ‘आत पसारा आहे’ एवढंच म्हणतात. वर्षानुवर्षं त्या घरांत पसाराच असतो. उलट दुसऱ्या एका गावात आशा वरच्या आळीतली आहे. ती मातंग वस्तीत पाऊल टाकत नाही, बायकांनाच अंगणवाडीत बोलावून घेते आणि नोंदवहीत ‘गृहभेट’ लिहिते. सेवा देणारी आपली असली तर तिने उंबऱ्याबाहेर थांबायचं, आणि सेवा घेणारे आपण असलो तर सेवा उंबऱ्यापर्यंत येणार नाही. योजना दिल्लीत आखली गेली, पण गावात उतरताना ती गावाच्याच वाटेने उतरली.

या भागाला हे नवं नाही. १९०१ मध्ये लहानगे भीमराव साताऱ्याहून निघाले ते वडिलांना भेटायला. रामजीबाबा तेव्हा खटाव तालुक्यातल्या गोरेगावला दुष्काळी कामावर रोखपाल होते. म्हणजे सरकारी मदतीचं काम, त्यावरचा नोकर महार जातीचा शिकलेला माणूस. आणि त्याची मुलं मसूर स्टेशनात उतरली तर त्यांना गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं कबूल केल्यावर मिळाला, तोही मुलांनी स्वतः गाडी हाकायच्या अटीवर. वाटेत नाक्यावर पाणी मिळालं नाही. सरकार पगार देत होतं, गाव पाणी देत नव्हतं. आज नेमकी उलटी गंमत आहे : गाव पाणी देतं (बहुतेक ठिकाणी), पण सरकार पगार देत नाही.

आता शीर्षकातल्या ‘वतना’कडे येतो, कारण माझं म्हणणं तिथेच आहे.

एम.ए.ला समाजशास्त्राच्या पुस्तकांत जजमानी आणि बलुतेदारी शिकताना ‘परस्परावलंबन’ असा गोंडस शब्द वाचला होता. आमच्या आज्यांनी ते परस्परावलंबन पाठीवर वाहिलेलं असल्यामुळे मला परीक्षेत तो शब्द लिहिताना हसू येई. महार वतन म्हणजे काय होतं? सरकारी टपाल पोचवणं, अंमलदाराच्या घोड्यापुढे धावणं, मयताची खबर परगावी देणं, चावडीवर राबता ठेवणं, मेलेलं जनावर ओढणं. रात्र-दिवस नाही, ठरलेले तास नाहीत. एक पुरुष आजारी पडला तर घरातला दुसरा जायचा. बदल्यात थोडी वतनी जमीन, तीही भाऊबंदकीत वाटून चिंध्या झालेली, आणि गावाने खळ्यावर घातलेलं बलुतं. ब्रिटिश सरकारने १८७४ च्या वतन कायद्याने हे सगळं कागदावर पक्कं केलं. सरकारला याहून स्वस्त नोकर कुठे मिळणार होता? पगार सरकारने द्यायचा नाही, तो गावाच्या मर्जीवर सोडायचा. आणि गावाची मर्जी म्हणजे कुणाची, हे वेगळं सांगायला नको.

बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं. त्यांचा मुद्दा स्वच्छ होता : काम सरकारचं आहे ना, मग मोबदला सरकारने द्यावा, ठरलेला द्यावा, आणि ज्याला हे काम नको त्याला त्यातून मोकळं होता यावं. ते विधेयक तडीस गेलं नाही. त्यांनी नंतरही पिच्छा सोडला नाही. पण वतनं कायद्याने संपली ती १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर. सत्यशोधकांचा आणि पत्री सरकारचा जिल्हा म्हणून आपण सातारा-सांगलीचा अभिमान मिरवतो (१९४९ पर्यंत यातला बराचसा भाग एकाच सातारा जिल्ह्यात होता), पण या पुरोगामी मातीतही येसकराची काठी तेव्हापर्यंत आमच्याच हातात होती.

आता वतनाच्या खुणा आणि मानधनाच्या खुणा शेजारी शेजारी ठेवून बघा. कामाला ठरलेले तास नाहीत, रात्री कळा आल्या तरी आशाताईने उठायचं. काम सरकारचं, पण करणारा सरकारचा नोकर नाही. मोबदला ‘मान’ म्हणून. आणि काम करणारे कोण, तर ज्यांना दुसरं काही मिळणार नाही असे. पूर्वी जात पुरेशी होती, आता जातीबरोबर बाईपण, परित्यक्ता असणं, विधवा असणंही चालतं. फरक आहेत, मी नाकारत नाही. आशाताई राजीनामा देऊ शकते, तिला मोर्चा काढता येतो, ती सर्व जातींची आहे. पण सरकारने खर्च वाचवायची युक्ती तीच आहे.

ही युक्ती कायद्याला माहीत नाही असंही नाही. १९८२ मध्ये दिल्लीतल्या एशियाड बांधकामाच्या मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ ने बंदी घातलेली सक्तीची मजुरीच आहे. म्हणजे वेठबिगार. मग सरकारने यातून वाट कशी काढली? कामाला काम म्हणायचंच नाही! २००६ मध्ये अंगणवाडी सेविकांचं पद ‘नागरी पद’ नाही असा निकाल आला. २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेने योजना कामगारांना कामगार माना, किमान वेतन द्या अशी शिफारस केली, ती कागदावर राहिली. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडीताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. म्हणजे ‘मानधन’ हे वेतनच आहे, हे न्यायालयाने निदान एका कायद्यापुरतं तरी कबूल केलं. त्याच वर्षी मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. फोटो, ट्वीट, अभिनंदन सगळं झालं. शाळेतल्या स्वयंपाकी ताईंसाठी केंद्राने २००९ मध्ये महिना १,००० रुपये ठरवले आणि तेही वर्षातले दहाच महिने. पोरं सुटीवर गेली की ताईची चूल पण सुटीवर, असं बहुधा दिल्लीत समजतात.

शहरात हाच प्रकार ठेक्याच्या नावाने चालतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचा पूर ओसरला तेव्हा सांगलीच्या गल्ल्यांत गुडघाभर चिखल, कुजलेलं धान्य, मेलेली जनावरं होती. ते कुणी उचललं? बाहेरच्या पालिकांची पथकंही आली, हारतुरे झाले. त्या पथकांतले आणि इथले हात कोणत्या वस्त्यांतून आले होते हे वेगळं मोजायला नको. आणि मोजलंच आहे म्हणा : गटार आणि सेप्टिक टाकी साफ करणाऱ्या सुमारे ३८,००० कामगारांची केंद्र सरकारने ‘नमस्ते’ योजनेत नोंद केली, त्याचे आकडे २०२४ मध्ये बाहेर आले. ६८.९ टक्के अनुसूचित जातींचे. आदिवासी आणि ओबीसी धरले तर जवळपास ९२ टक्के. ठेकेदाराच्या हजेरीपटाला बिंदुनामावली लागत नाही, तरी इथे आमचं आरक्षण कसं तंतोतंत भरतं! तीच जागा कायम लिपिकाची असती तर ‘गुणवत्ते’चं काय, असा प्रश्न दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आला असता.

यावर आपल्याच काही तरुण मित्रांचं म्हणणं असतं, झाडू सोडा, शिका, ही कामं आपली नाहीत. लाड-पागे समितीच्या वारसा हक्काने सफाई कामगाराच्या जागी त्याचं पोरगं लागतं, याचीही त्यांना चीड आहे. चीड रास्त आहे. बापाच्या झाडूला पोराचं नाव लागणं हे वतनच. पण मिरजेच्या एखाद्या वस्तीत जाऊन ज्या बाईचा नवरा कामावर असताना गेला तिला सांगा की ताई, हा हक्क सोडून द्या. तिच्याकडे दुसरं काय आहे? आणि ठेक्यावरच्या माणसाच्या वारसाला तर तेही नाही. बाबासाहेबांनी वतन सोडा म्हटलं तेव्हा नुसतं ‘सोडा’ म्हटलं नव्हतं. जमीन रयताव्याने आमच्याकडे राहिली पाहिजे आणि कामाचा पगार सरकारने दिला पाहिजे, हेही सोबत होतं. सन्मानाची भाषा आणि पोटाची भाषा त्यांनी वेगळी केली नाही. आपण ती केली.

मला आपल्या चळवळीशी भांडायचं आहे ते इथे. आशांचा मोर्चा जिल्हा परिषदेवर जातो तेव्हा तिथे लाल झेंडे असतात. निळे झेंडे दिसले तर एखाद-दुसरे. ‘ते युनियनचं काम’ असं म्हणून आपण मोकळे होतो आणि जयंतीच्या मिरवणुकीच्या डीजेवरून दोन गटांत बैठका घेतो. १९३६ साली बाबासाहेबांनी पक्ष काढला त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष होतं. १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांपुढे त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू सांगितले. त्याच वर्षी नोव्हेंबरात औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात ते कम्युनिस्टांच्या बरोबरीने उतरले. पुढे मजूरमंत्री असताना किमान वेतनाचं विधेयक एप्रिल १९४६ मध्ये त्यांनीच मांडलं. ज्याच्या नावाने आपण जगतो त्याच्याच कायद्यातून आपल्या बायका वगळल्या जातात, आणि आपल्या निवेदनांत त्याचा एक परिच्छेद नसतो.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्यासाठी पुढारी लागत नाही. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनचं तत्त्व आहे की ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकाची, म्हणजे ठेका देणाऱ्या कार्यालयाची. माहिती अधिकारात दहा रुपयांच्या अर्जात तीन गोष्टी मागा : ठेक्याचा करारनामा, गेल्या बारा महिन्यांचे हजेरीपट, आणि कामगारांच्या नावानिशी भविष्य निर्वाह निधी भरल्याची चलनं. करारात लिहिलेली मजुरी आणि हातात पडलेली मजुरी यातला फरक तिथेच दिसतो. गावात असाल तर ग्रामसभेत उठून विचारा की आपल्या आशाताईंचे किती महिन्यांचे पैसे थकले आहेत, आणि ते इतिवृत्तात लिहून घ्या. ताई स्वतः विचारणार नाहीत, त्यांना उद्या त्याच लोकांच्या दारात जायचं असतं. म्हणून विचारणारा दुसरा हवा.

तिन्ही अर्जांचा मसुदा माझ्याकडे तयार आहे. वाळवा, पलूस, कोरेगाव, माण इथल्या कार्यकर्त्यांनी कळवावं, पाठवतो. अर्ज टपालाने न पाठवता कार्यालयात नेऊन द्यावा आणि पोच घ्यावी. पोचपावतीवर तारीख आणि शिक्का दोन्ही आहेत ना, तेवढं बघा.

जय भीम.