भरलेल्या बाटल्या

माझ्या भाचीने सायकल घेतली तेव्हा घरात थोडी कुजबुज झाली. पस्तिशीची, दोन मुलांची आई, डोंबिवलीहून रोज लोकलने ठाण्याला नोकरीला जाणारी. हिला आता हे काय सुचलं? तर ठाणे-डोंबिवलीकडच्या अकरा जणींचा गट जानेवारीत कच्छच्या रणातून सायकलने जाणार होता. भुजहून खावडा आणि तिथून रणातल्या रस्त्याने धोलावीरा. त्यासाठी ऑक्टोबरपासून दर रविवारी सराव.

सराव म्हणजे पहाटे साडेचारला कल्याण सोडायचं, मुरबाड, सरळगाव, टोकावडे करत माळशेजच्या पायथ्यापर्यंत जायचं आणि परत फिरायचं. जाऊन-येऊन दीडशेच्या आसपास किलोमीटर. एकीमागे एक अशी रांग धरायची. पुढची वारा अंगावर घेते, मागच्यांचे कष्ट वाचतात, म्हणून थोड्या थोड्या वेळाने पुढचीने बाजूला होऊन रांगेच्या शेवटी यायचं. वेग मात्र सगळ्यात हळू चालवणारीचा. (हा नियम मला फार आवडला. घरातही लावून बघायला हवा!) आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी, तहान लागो न लागो, पाण्याचे दोन-चार घोट घ्यायचे.

ऑक्टोबरमधल्या एका रविवारी परतताना सरळगावजवळ एकीला चक्कर आली. झाडाखाली बसवलं, तोंडावर पाणी मारलं. गटाच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी तिच्या सायकलच्या बाटल्या काढून बघितल्या, तर दोन्ही जवळजवळ भरलेल्या! साडेदहाचं ऊन, सहा तास सायकल चालवलेली, आणि पोटात पाणी नाही.

"अगं, पाणी का नाही प्यायलीस?"

"मॅडम, प्यायल्यावर जायचं कुठे?"

मग एकेक जण बोलायला लागली. माझ्या भाचीची बाटलीही अर्धी भरलेलीच होती. वाटेत एका पेट्रोल पंपावर त्या थांबल्या होत्या, पण तिथल्या स्वच्छतागृहाला कुलूप, आणि किल्ली "साहेबांकडे". साहेब कुठे? ते घरी.

मैत्रिणींनो, खरं सांगा, हे आपल्याला नवीन आहे का? एसटीने माहेरी निघालो की सकाळचा चहासुद्धा आपण अर्धा कप घेतो. बाजारात, मोर्च्यात, लग्नाच्या मांडवात हेच. मी स्वतः डोंबिवलीहून मुंबईला सभेला जाताना आदल्या रात्रीपासून पाणी मोजून पीत आले आहे, आणि याला मी इतकी वर्षं शहाणपणा समजत होते. मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने डॉक्टरांकडे गेले, तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला.

रणात तर ही सवय जिवावर बेतेल. आपल्याकडे दमट हवेत घाम अंगावरून निथळतो, कपडे भिजतात, म्हणजे निदान कळतं तरी. कोरड्या हवेत घाम येता येता सुकतो. अंग कोरडं लागतं आणि आतलं पाणी कमी होत राहतं. नुसतं पाणीही पुरत नाही, मीठ जातं तेही भरून काढावं लागतं. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. हे प्रमाण स्वयंपाकघरात लिहूनच ठेवा. उन्हाने माणूस दगावायला वाळवंट लागत नाही. एप्रिल २०२३ मध्ये खारघरच्या उघड्या मैदानात काय झालं ते आपण पाहिलं आहे.

पण रणातल्या त्या रस्त्याची खरी अडचण निराळीच. दोन्ही बाजूंना मैलोन् मैल मीठ. झाड नाही, झुडूप नाही, आडोसा म्हणून कसलाच नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, विसाव्या वर्षी, सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली. सुमारे २९,००० किलोमीटर, १५९ दिवस. तिच्या धाडसाबद्दल आपण भरभरून बोललो. वाटेत तिने आडोसा कुठे शोधला असेल, हे विचारायचं आपल्या मनातही आलं नाही.

सरळगावच्या त्या दिवसानंतर गटाने सरावच बदलला. पायांचा होता तसाच, पण जोडीला या गोष्टीचा. कल्याण ते टोकावडे रस्त्यावर कुठे सोय आहे, किती वाजता उघडी असते, किल्ली कोणाकडे, याची वहीत यादी केली. मुरबाडच्या पुढे रस्त्यालगतच्या एका घरातल्या वहिनी म्हणाल्या, "अहो, बिनधास्त या, विचारता कसलं?" त्यांच्या घरचं नाव यादीत पहिलं. कच्छसाठी सोबतच्या गाडीत एक छोटा उभा तंबू घेतला आणि दर तासाला सक्तीचा थांबा ठेवला. कोणाला गरज असो वा नसो, सगळ्यांनी उतरायचं, म्हणजे मागायची लाज नाही.

त्या जाऊन आल्या, सुखरूप. पाय दुखले, ओठ फुटले, एक सायकल दोनदा पंक्चर झाली. चक्कर कोणालाच आली नाही.

आता आपलं काम. पेट्रोल पंपावर पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह जनतेला विनामूल्य द्यायचं, हा तेल कंपन्यांचाच नियम आहे. पेट्रोल भरलं नाही तरी. कुलूप दिसलं तर पंपावरच्या तक्रारवहीत लिहा, तारीख-वेळेसकट. मुंबईत २०११ मध्ये बायकांच्या याच हक्कासाठी 'राइट टू पी' मोहीम सुरू झाली, तेव्हा नावालाही लोक हसले होते. हसू देत. तुमच्या तालुक्याच्या रस्त्यावर कुठे दार उघडं आहे आणि कुठे किल्ली साहेबांच्या घरी असते, ते आम्हाला पत्राने कळवा. भाचीच्या वहीत बरीच पानं कोरी आहेत.