योग्य निपल कोणती? आधी प्रश्न तपासू

बाळाला वरचं दूध द्यायचं ठरलं की घरात पहिली चौकशी निपलची होते. रबरी घ्यावी की सिलिकॉनची? एका छिद्राची की तीन छिद्रांची? पोटात वारा न धरू देणारी कुठली? दुकानदार, शेजारीण, मुंबई-पुण्याला राहणारा नातेवाईक, प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं. माझं म्हणणं वेगळं आहे. नंदुरबार जिल्ह्यात, आजच्या परिस्थितीत, निरोगी बाळासाठी ‘योग्य निपल’ अशी वस्तूच नाही. बाळाला अंगावर पाजणं शक्य नसेल, तेव्हा वाटी-चमचा किंवा आपल्या आज्या-पणज्यांचं बोंडलं हेच योग्य साधन आहे. हे मी नुसतं ठासून सांगत नाही. निपलच्या बाजूने जे जे बोललं जातं, ते एकेक करून तपासू.

पहिला दावा असा की नवी निपल हुबेहूब आईच्या स्तनासारखी असते. आकार तसा करता येतो, पण पिण्याची क्रिया तशी करता येत नाही. अंगावर पिणारं बाळ तोंड मोठं उघडून बोंडाभोवतीचा काळा भागही तोंडात घेतं, जीभ आणि जबडा चालवून दूध ओढतं आणि पान्हा सुटेपर्यंत धीर धरतं. उलट्या धरलेल्या बाटलीतून मात्र दूध आपोआप गळतं. त्याची सवय लागलेली काही बाळं पुढे अंगावर नीट तोंड लावत नाहीत, चिडतात. बाळाने कमी ओढलं की आईला दूधही कमी येतं. मग घरातली मंडळी म्हणतात, “हिचं दूधच पुरत नाही,” आणि बाटल्या वाढतात. हे चक्र ओळखूनच जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली स्तनपानाची दहा सूत्रं मांडली. अंगावर पिणाऱ्या बाळाला कृत्रिम निपल किंवा चोखणी देऊ नये, हे त्यांतलं एक. २०१८ मध्ये या सूत्राची भाषा सौम्य झाली, याकडे काही जण बोट दाखवतात. ते खरं आहे. पण नव्या भाषेतही बाटली आणि निपल यांचे धोके आईला समजावून सांगा, असंच म्हटलं आहे. आणि हे धोके युरोपातल्या स्वयंपाकघरात जितके असतात, त्याहून धडगावच्या पाड्यावर कितीतरी जास्त असतात.

दुसरा दावा: वयाप्रमाणे नंबर पाहून घ्या, म्हणजे झालं. हे नंबर सगळ्या कंपन्यांना बांधील असलेल्या एका मापाने ठरत नाहीत. एकीची ‘हळू’ निपल दुसरीच्या ‘मध्यम’ निपलपेक्षा जास्त दूध सोडू शकते, हे प्रयोगशाळेत दूध मोजून दिसलेलं आहे. शिवाय घरी काय होतं तेही पाहा. बाळ रडतं, दूध लवकर येत नाही असं वाटतं, आणि कुणीतरी सुई तापवून छिद्र मोठं करतं. मग धार लागते, बाळाला ठसका लागतो, दूध श्वासनलिकेत जाण्याची भीती निर्माण होते. रबर काही आठवड्यांत चिकट होतं, चिरतं. सिलिकॉन जास्त टिकतं, पण दात येणारं बाळ तेही चावून फाडतं. पाकिटावरचा नंबर या सगळ्याची हमी देत नाही.

तिसरा दावा पोटदुखी टाळणाऱ्या झडपेचा. झडपेमुळे दुधात बुडबुडे कमी होत असतील, पण तेवढ्याने बाळाचं रडणं थांबतं याला भक्कम पुरावा नाही. पहिल्या काही आठवड्यांतलं संध्याकाळचं रडणं साधारण दीड महिन्याच्या सुमारास वाढतं आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरतं. नेमक्या त्याच काळात नवी निपल आलेली असेल, तर श्रेय तिला मिळतं. झडपेने एक गोष्ट मात्र नक्की वाढते. धुवायचे भाग आणि दूध अडकण्याच्या फटी.

खरा प्रश्न इथेच आहे. बाटली सुरक्षित ठेवायची तर प्रत्येक पाजणीनंतर बाटली, निपल आणि कडं सुटं करून ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्यात दहा मिनिटं उकळायचं. नवजात बाळ दिवसातून आठ वेळा तरी पितं. अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतल्या डोंगरी पाड्यावर, जिथे बाई उन्हाळ्यात झऱ्यावरून पाणी वाहून आणते आणि चुलीसाठी सरपण गोळा करते, तिथे हे रोज आठ वेळा कसं होणार? दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत गेलेल्या कुटुंबाच्या झोपडीत कसं होणार? न उकळलेल्या निपलच्या आतल्या कडेला दुधाचा थर साचतो, त्यात जंतू वाढतात आणि त्यातून हगवण लागते. डबा पुरवून वापरायचा म्हणून पावडर कमी आणि पाणी जास्त घातलं जातं, तो घाव वेगळाच. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार या जिल्ह्यातली पाच वर्षांखालची निम्म्याहून अधिक मुलं वयाच्या मानाने कमी वजनाची आहेत. अशा ठिकाणी हगवणीचा एकेक झटका बाळाला महागात पडतो. वाटीला मात्र आतबाहेर बोट फिरतं. ती साबणाने धुता येते आणि स्वच्छ झाली की नाही हे डोळ्यांना दिसतं.

चौथा दावा: वाटी-चमचा जुनाट आहे, बाळाला त्याने ठसका लागेल. याचं उत्तर आपल्याच रुग्णालयांत आहे. ३२ ते ३४ आठवड्यांत जन्मलेल्या, अजून नीट ओढता न येणाऱ्या बाळांना भारतातल्या नवजात कक्षांत वाटी-चमच्याने किंवा पलाडईने दूध देण्याची पद्धत आहे. दक्षिणेतली पलाडई म्हणजे आपलं बोंडलंच. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी सुरू केली, ती अशाच नाजूक बाळांसाठी. जी पद्धत दीड किलोच्या बाळाला चालते, ती तीन किलोच्या बाळाला जुनाट कशी ठरते? थोडं दूध सांडतं आणि सुरुवातीला वेळ लागतो, हे मान्य. पण दोन दिवसांत आजीचाही हात बसतो आणि बाळाचीही जीभ.

पाचवा दावा सगळ्यांत वजनदार आहे: मजुरीला जाणाऱ्या बाईला बाटलीशिवाय गत्यंतर नाही. तिची अडचण खरी आहे आणि तिला दोष देण्याचा अधिकार कुणालाही नाही. पण बाटलीची सोय नेमकी कशात आहे? सहा वर्षांची बहीणही ती बाळाच्या तोंडात धरू शकते, किंवा उशीला टेकवून ठेवू शकते, यात. ठसक्याचा धोका इथेच सर्वांत मोठा असतो. आई कामावर जाण्याआधी स्वच्छ हाताने दूध काढून झाकणाच्या स्टीलच्या भांड्यात ठेवू शकते. ते साध्या तापमानाला साधारण चार तास टिकतं, मात्र नंदुरबारच्या चाळिशीपारच्या उन्हाळ्यात लवकर संपवावं. घरातलं मोठं माणूस ते वाटीने पाजू शकतं. आईला निपलपेक्षा जास्त गरज आहे ती कामाच्या जागी पाळणाघराची, पोटभर जेवणाची आणि धीर देणाऱ्या बाईची. आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचं पूर्ण जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून आहे, ती नियमित चालली पाहिजे. २०२० च्या टाळेबंदीत चिमलखेडीच्या अंगणवाडी सेविका रेलू वसावे नर्मदेतून होडी वल्हवत बाळांपर्यंत आणि गरोदर बायकांपर्यंत पोचत होत्या, पोषण आहार देत होत्या. अशा बाया दारात आल्या, तरच आईचं दूध टिकतं.

कायदाही याच बाजूचा आहे. जागतिक आरोग्य सभेने मे १९८१ मध्ये ११८ विरुद्ध १ मतांनी बालदुधाच्या विक्रीची आचारसंहिता मंजूर केली. तिच्या आधाराने भारताने १९९२ मध्ये कायदा केला आणि २००३ मध्ये तो अधिक कडक केला. त्यातल्या ‘दुधाची बाटली’ या व्याख्येत निपल आणि झडप यांचाही समावेश आहे. म्हणजे निपलची जाहिरात करणं, नमुने वाटणं, आरोग्य कर्मचाऱ्याला त्यासाठी आमिष देणं हे तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचे गुन्हे आहेत. कायदा पाळला जातो की नाही, यावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थांपैकी ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया ही १९९१ साली वर्ध्यात स्थापन झाली. एवढं असून मोबाइलवर निपलची शिफारस आली, तर ती सल्ला म्हणून न घेता जाहिरात म्हणूनच पाहावी.

एक अपवाद मी मोकळेपणाने मान्य करतो. टाळू फाटलेल्या काही बाळांना खास बनवलेली, दाबता येणारी बाटली आणि निपल लागते. तिथे निवड महत्त्वाची आहे, पण ती डॉक्टरांनी करायची, दुकानदाराने नव्हे. आणि ज्यांच्या घरी बाटली आधीच सुरू आहे, त्यांनी छिद्र मोठं करू नये, चिकट झालेली निपल टाकून द्यावी, प्रत्येक वेळी उकळावी, बाटली टेकवून ठेवू नये आणि हळूहळू वाटीकडे वळावं.

वाटीने पाजायचं कसं? बाळ पूर्ण जागं असू द्या. त्याला जवळजवळ बसतं धरा, मान आणि पाठ सावरा. वाटीची कड खालच्या ओठावर हलकेच टेकवा आणि दूध ओठापर्यंत येईल एवढीच तिरकी करा. तोंडात ओतू नका. बाळ जिभेने चाटत, घोट घेत पिईल आणि पोट भरलं की तोंड मिटेल. तेव्हा थांबा.

आशाताई आणि अंगणवाडीताईंना माझी विनंती आहे. कुणी “ताई, निपल कोणती घेऊ?” असं विचारलं, तर नंबर सांगू नका. आधी बाळाला अंगावर नीट धरलंय का ते पाहा, आईने आज काय खाल्लं ते विचारा आणि गरज असेल तर घरातलीच एक वाटी मागून घेऊन तिथेच पाजून दाखवा. निपलचे पैसे वाचतील, त्या पैशांत आईला अंडी मिळू द्या.